मागची ओली खोली

मित्रांनो, मी एक जुना थर्मामीटर आहे. खरं म्हणजे मी दोन जुने थर्मामीटर आहे, एकाच सागवानी फळीवर शेजारी शेजारी ठोकलेले. डावा सुका. उजवा ओला, म्हणजे त्याच्या पाऱ्याच्या फुग्यावर मलमलीचा मोजा चढवलेला आणि मोज्याची शेपटी खालच्या पितळी वाटीतल्या पाण्यात सोडलेली. हवा कोरडी असली की मोज्यातलं पाणी भराभर उडतं, उजवा गारठतो आणि डाव्याच्या बराच खाली उतरतो. हवा दमट असली की दोघं जवळ येतात. दोघांत किती अंतर पडलं, यावरून हवेत पाणी किती ते कळतं. माझं सगळं ज्ञान एवढंच आहे. पण जेवढं आहे तेवढंच बोलणारे हल्ली फारसे भेटत नाहीत.

इंदूरच्या मिलमध्ये मला 'गीला-सूखा' म्हणत. आता इंदुरात गीला-सूखा म्हटलं की लोक डबे घेऊन कचऱ्याच्या गाडीमागे धावतात. त्या काळी माझ्याकडे बघत.

माझा जन्म विलायतेतला. तिथल्या कुणा कारागिराने माझी काच फुंकली, पारा भरला, अंशांच्या रेघा कोरल्या आणि मला बोटीत बसवलं. फॅरेनहाइट अंशांत बोलायची खोड तेव्हाची आहे. म्हाताऱ्याची बोली समजून तुम्ही ती चालवून घ्या.

मिलच्या कताईखात्यात मला खांबावर टांगलं, तेव्हा पहिल्यांदा मी थक्क झालो. हजारो चात्या एकदम फिरत होत्या. कानठळ्या बसतील असा गडगडाट, आणि त्या गडगडाटातून प्रत्येक चातीवर बाहेर येत होता डोळ्यांना जेमतेम दिसेल असा एक धागा. एवढ्या दांडग्या यंत्राच्या पोटी एवढं नाजूक लेकरू! धागा फार मानी असतो. हवा कोरडी पडली की तटकन तुटतो, फार ओली झाली की रुळाला चिकटून बसतो. म्हणून छतातून पाण्याची बारीक धूळ सोडत. ती किती सोडायची हे मी सांगे आणि बाबूराव ऐकत.

बाबूराव आमच्या खात्याचे हवा-पाणीवाले. तासातासाला माझ्यापुढे उभे राहत, चष्मा वर करून दोन्ही पारे वाचत, नळ पिळत आणि रजिस्टरात लिहीत. डावा शहाऐंशी, उजवा सत्याहत्तर. बाहेर लढाया झाल्या, सरकारं पडली, मे महिन्यात अंग भाजणारी लू सुटली. आत शहाऐंशी आणि सत्याहत्तर. शेऱ्याच्या रकान्यात ते एकच शब्द लिहीत: 'ठीक'. सव्वीस वर्षं ठीक. मॅनेजर साहेब पाहुण्यांना घेऊन आले की म्हणत, "यहाँ की हवा बाबूराव के हाथ में है।" त्यावर बाबूराव माझ्याकडे बोट दाखवत. मित्रांनो, आपल्याला मिळालेली शाबासकी दुसऱ्याकडे सरकवणारा माणूस मी नंतर फक्त एकदाच पाहिला. तोही बाबूरावच होता.

त्यांचं एक ठाम मत होतं: "पारा हलला की धागा तुटला." ते नुसत्या धाग्यापुरतं मत नव्हतं. ते त्यांनी संसारालाही लावलं होतं.

दर शनिवारी ते माझा मलमली मोजा काढून घरी नेत. त्यांच्या पत्नी मंजुळाबाई तो उकळत्या पाण्यात धुऊन देत. साबण अजिबात चालत नसे, कारण साबणाने मोजा तेलकट होतो आणि मी खोटं बोलू लागतो. एका शनिवारी माझ्या फळीचा टांगायचा आकडा निखळला, तेव्हा दुरुस्त करून सोमवारी आणावा म्हणून बाबूरावांनी अख्खा मलाच पिशवीत घातलं. त्यांच्या सव्वीस वर्षांत मिलची वस्तू घरी नेण्याची ती पहिली वेळ.

सोमवारी भोंगा वाजला नाही. फाटकावर कुलूप आणि कुलपाखाली कागद होता.

सगळे कागदाशी भांडत होते. बाबूरावांना वेगळीच काळजी लागली होती. ते पिशवी छातीशी धरून चौकीदाराकडे गेले. "भिया, ये मिल का माल है। जमा कर लो।"

चौकीदार म्हणाला, "किसको जमा करूँ, बाबूरावजी? अंदर अब कबूतर हैं बस।"

बाबूराव दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. मी किती दिवस त्या पिशवीत बसून फाटकापर्यंत जाऊन आलो, ते मोजलेलं नाही. बाकीचे लोक फाटकावर आपला थकलेला पगार मागायला जात. बाबूराव परत द्यायला जात. दोघांनाही उत्तर एकच मिळे: साहेब आल्यावर.

त्या दिवसांत पेपरात रोज छापून येई की देशाची दारं-खिडक्या उघडली, आता मोकळी हवा येणार. हवा आली की नाही मला सांगता येत नाही. मी पिशवीत होतो. एवढं मात्र दिसलं की बॉबिनवाला तुकोजी सांवेरच्या टेम्पोवर गेला, कोणी राऊच्या नव्या कॉलेजात वॉचमन झाला. बाबूरावांना कुठे जाता येईना. हवा ओली ठेवण्याची नोकरी इंदुरात दुसरीकडे नव्हती. मंजुळाबाईंनी मुगाचे पापड लाटायला घेतले. बडा गणपतीजवळचा एक दुकानदार ते घेई, आणि घर त्या पापडांवर चालू लागलं.

पुढच्या वर्षी चौदा एप्रिलला संघदीप आला. मंजुळाबाईंचा हा धाकटा भाऊ फौजेत हवालदार. त्यांच्या महूच्या घरात तीन पिढ्या पलटणीतल्या. तो आसामात होता आणि जयंतीला दर वर्षी रजा काढून येई. या खेपेला त्याने ट्रंकेतून ओल्या शेवाळात आणि आपल्या एका बनियनमध्ये गुंडाळलेलं काहीतरी काढलं. चार जाड पानं आणि गांडुळांसारखी मुळं.

"ताई, वादळात मोठं झाड कोसळलं. त्याच्या फांदीवर हे होतं. साहेब म्हणाले, ऑर्किड आहे, पतंगाचं. म्हणजे दिव्यावर झेपावतं ना पाखरू, तसलं फूल येतं. पांढरंशुभ्र. बशीएवढं! दोन-दोन महिने कोमेजत नाही."

मंजुळाबाईंनी भावाची भेट म्हणून ते प्रेमाने डालड्याच्या डब्यात लावलं, चांगल्या काळ्या मातीत, वर शेणखत. माळव्याच्या काळ्या मातीत काय येत नाही? महिन्याभरात मुळं कुजू लागली.

शेजारच्या सुलोचना भाभी डोकावून म्हणाल्या, "अरे, ये तो बांदा है। जिस पेड़ पे बैठे, उसी का खून पिए। फेंको इसको।"

बांदा म्हणजे बांडगूळ. त्याच आठवड्यात एका विद्वानाने पेपरात बंद मिलच्या कामगारांना देशाच्या अंगावरचं बांडगूळ म्हटलं होतं. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले बाबूराव एकदम उठून बसले. त्यांनी मुलीला हाक मारली. पंचशीला तेव्हा शाळेत होती.

"हे बांडगूळ आहे का, शाळेत विचारून ये."

पंचशीला दोन दिवसांनी उत्तर घेऊन आली. "नाही बाबा. मॅडम म्हणाल्या, हे झाडावर बसतं, पण झाडाचं काही घेत नाही. नुसतं टेकून राहतं. याला माती नकोच. हे हवेतलं पाणी पितं."

"कशातलं?"

"हवेतलं."

मित्रांनो, वर्षभरात पहिल्यांदा बाबूरावांनी मला पिशवीतून काढलं. वाटीत पाणी भरलं, मोजा ओला केला आणि मागच्या खोलीत खिळा ठोकून मला टांगलं. हवेतलं पाणी पिणारा कोणीतरी घरी आला होता, आणि हवेतलं पाणी मोजणारा मी तिथे होतो. ऑर्किडची कुजकी मुळं त्यांनी कापली, उरलेली स्वच्छ धुतली, आंब्याच्या सालीच्या तुकड्यावर ते रोप ठेवलं आणि मिलच्या सुताने हलक्या हाताने बांधलं. मग खिडकीला ओलं बारदान लावलं. वर भोकं पाडलेला डबा टांगला, त्यातून थेंब-थेंब पाणी बारदानावर उतरे. थंडीत दोन मोठे बल्ब आणि खाली पाण्याची परात. आणि हातात नवं रजिस्टर.

डावा शहाऐंशी. उजवा सत्याहत्तर. ठीक.

मिलचं कताईखातं दहा बाय बाराच्या खोलीत पुन्हा सुरू झालं. फरक इतकाच की तिथे हजारो चात्या होत्या आणि इथे एक रोप.

पण काय रोप होतं ते! मी खांबावर टांगून आयुष्य काढलेला, वाढणारं काही जवळून पाहिलेलं नाही. रोज सकाळी बाबूराव मुळांवर पाणी शिंपडत. कोरडं मूळ चांदीसारखं पांढुरकं असे. पाण्याचा थेंब पडला की तो जिथे पडला तिथून हिरवा रंग पसरत जाई, दवात पाऊल उमटत जावं तसा. बघता बघता अख्खं मूळ हिरवं, आणि दुपारपर्यंत पुन्हा चांदी. मुळाच्या टोकाला हिरवं काचेसारखं नख असे. ते रोज तांदळाएवढं पुढे सरके आणि सालीचा खडबडीतपणा चाचपत चाले. माझं काम हवेतलं पाणी मोजायचं. ते पिताना मी कुणाला पाहिलं नव्हतं.

चार वर्षांत सहा नवी पानं आली. प्रत्येक पान चामड्यासारखं जाड, बुडाशी जांभळ्या ठिपक्यांचं. फूल मात्र एकही आलं नाही. दर चौदा एप्रिलला संघदीप विचारी, "जिजाजी, बशी आली का?" आणि बाबूराव म्हणत, "पारा स्थिर आहे. येईल."

सत्याण्णवच्या नवरात्रात गोष्ट हातघाईवर आली. मागच्या खोलीची वाफ दाराखालून पुढच्या खोलीत जाई, आणि पुढच्या खोलीत पापड वाळत असत. दुकानदाराने अख्खी थप्पी परत पाठवली, सोबत निरोप: "मौसी, ये पापड है कि रूमाल?"

मंजुळाबाईंनी एक पापड उचलून नवऱ्यापुढे धरला. तो खरोखरच रुमालासारखा वाकला.

"अहो, घरात खोल्या दोन. एकीत आपण तिघं आणि दोनशे पापड. दुसरीत ते एकटं, पाय पसरून."

"त्याला पाय नसतात. मुळं असतात."

"मग मुळं पसरून! चार वर्षांत काय दिलं त्यानं? पानं. पानं तर मेथीलाही येतात, आणि तिची भाजी तरी होते."

"फूल येईल."

"कधी?"

"पारा हलू दिला नाही तर येईल."

मंजुळाबाई खाली बसल्या. आवाज चढवला असता तर बरं, इतक्या शांतपणे बोलल्या. "चौदा एप्रिलला संघदीप येतो. तोवर फूल दिसलं तर खोली तुमची. नाही दिसलं तर त्यानं आणलं तसं तो ते घेऊन जाईल, आणि त्या खोलीत माझे पापड वाळतील. दुकान सुटलं तर आपण काय खायचं, ते तुमच्या त्या काचेला विचारा."

बाबूरावांनी मला काही विचारलं नाही. ते आत आले आणि माझी वाटी भरलेली असतानाच पुन्हा भरली. पाणी भिंतीवरून ओघळलं. ही खोली गेली तर या माणसाकडे मोजायला काही उरणार नव्हतं, आणि खोली राहिली तर चूल विझणार होती. एवढं अंतर माझ्या डाव्या-उजव्यातही कधी पडलं नव्हतं.

कोजागिरी झाली आणि एक नवीन गोष्ट सुरू झाली. बाबूराव झोपले की मंजुळाबाई पावलं न वाजवता येत. दोन्ही बल्ब मालवत, बारदान बाजूला सारत, खिडकी सताड उघडत आणि दोन खोल्यांमधलं दार ढकलून ठेवत. खोलीतली वाफ भसकन बाहेर जाई आणि माळव्याची ती नावाजलेली कार्तिकातली गार हवा घरभर फिरे. पापडांना हवी तशी. पहाटे साडेपाचला त्या उठून सगळं जागच्या जागी करत. बाबूराव सहाला येत.

सहाच्या ठोक्याला मी सांगितलं: डावा बासष्ट, उजवा छप्पन्न.

बाबूरावांनी चष्मा पुसला. बारदान चाचपलं, ओलं होतं. खिडकी लावलेली होती. बल्ब पेटलेले होते. त्यांनी माझ्यावर बोटाने टकटक केली. मी तेच सांगितलं. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. बाबूराव डोक्याला मफलर गुंडाळून कुडकुडत माझ्यापुढे उभे राहत आणि म्हणत, "शक्यच नाही. खोली शहाऐंशीच आहे. थंडी मला वाजते ती वयाची."

एक्केचाळीस दिवस त्यांनी माझे आकडे लिहिले आणि प्रत्येक आकड्यापुढे तांबड्या शाईने शेरा मारला: 'यंत्र नादुरुस्त'. ऑर्किड आल्यापासून चार वर्षं आणि त्याआधी मिलमध्ये सव्वीस, इतकी वर्षं मी एक अंश खोटं बोललो नव्हतो. मला बोलता आलं असतं तरी मी मंजुळाबाईंचं नाव घेतलं नसतं. मी माप देतो, चहाडी करत नाही. बेचाळिसाव्या दिवशी त्यांनी मला खिळ्यावरून उतरवलं, पेपरात गुंडाळलं आणि ट्रंकेत ठेवलं. रागाने नाही. आजारी माणसाला निजवावं तसं.

पेपर जुना होता. देशाच्या खिडक्या उघडल्याची बातमी नेमकी माझ्या तोंडावर आली होती. दुसरं वाचायला काही नसल्याने मी तीच वाचत पडलो.

पौषातल्या एका रविवारी ट्रंकेबाहेर पंचशीलाचा आवाज आला. ती आता कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होती.

"बाबा! हे मूळ नाही!"

"मूळच आहे. हिरवं टोक आहे."

"मुळाचं टोक गुळगुळीत गोल असतं. हे बघा, हे चपटं आहे, एका बाजूला खाच आहे. लहान बाळाच्या हातमोज्यासारखं. आणि हे वर चाललंय, पानाच्या बगलेतून. बाबा, हा फुलाचा दांडा आहे!"

मग बाबूरावांचा आवाज आला, आणि तो आवाज मी मिल चालू असल्यापासून ऐकला नव्हता.

"मंजुळा! बघितलंस? चार वर्षं पारा हलू दिला नाही, त्याचं फळ आहे हे. आता तर खिडकीला खिळेच मारतो. वाऱ्याची झुळूकही नको."

हातोडी शोधल्याचा आवाज आला.

"थांबा बाबा," पंचशीला म्हणाली. पानं उलटल्याची सळसळ झाली. "लायब्ररीच्या या पुस्तकात उलटंच लिहिलंय. सदासर्वदा एकसारख्या उबेत ठेवलं तर याला नुसती पानं येतात. काही आठवडे रात्री गार लागल्या की मगच दांडा फुटतो. खोली गार पडली होती का कधी?"

"कशी पडेल? मी असताना?"

"थर्मामीटर काय म्हणत होता?"

"तो बासष्ट म्हणत होता. पण तो बिघडलेला."

ट्रंकेच्या आत मी माझा दोन्हीकडचा पारा आवरून बसलो होतो. तेवढ्यात मंजुळाबाई बोलल्या.

"तो बिघडला नव्हता."

"म्हणजे?"

"खिडकी मी उघडत होते. पापडांसाठी."

"कधीपासून?"

"कोजागिरीपासून."

"रोज?"

"रोज. तुम्ही झोपलात की उघडायची, पहाटे साडेपाचला लावायची."

हातोडी जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता या घरात धागा तुटतो.

"म्हणजे," बाबूराव सावकाश म्हणाले, "तुझी नाईट शिफ्ट होती."

"होती म्हणा."

"मग सांगायचंस ना. शिफ्ट बदलताना चार्ज देतात गं."

पंचशीला आधी हसली. मग मंजुळाबाई हसता हसता रडायला लागल्या. "मला काय ठाऊक त्या रोपाला गारवा लागतो! मी तर म्हणत होते, गारठून मेलं तर बरंच होईल. मग वाटायचं, संघदीपनं पोटाशी धरून आणलंय. म्हणून पहाटे लवकर उठून खिडकी लावायची."

ट्रंक उघडली. बाबूरावांनी मला पेपरातून बाहेर काढलं, धोतराच्या सोग्याने काच पुसली आणि मला डोळ्यांसमोर धरलं. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी मोजा काढून मंजुळाबाईंकडे दिला आणि म्हणाले, "बिनसाबणाचा."

त्याच संध्याकाळी त्यांनी बारदान उतरवलं. जुन्या खिडकीच्या काचांची गुडघाभर पेटी केली, तिच्यात पाण्याची ताटली ठेवली, वर खडे, खड्यांवर ऑर्किड, आणि ती पेटी कोपऱ्यात सरकवली. "खोली घे," ते बायकोला म्हणाले. "याला कोपरा पुरे." चौदा एप्रिलला अजून तीन महिने होते.

मला वाटलं होतं, खोली मिळाल्यावर मंजुळाबाईंना फुलाचं अगत्य राहणार नाही. पण हातावर पीठ तसंच घेऊन त्या स्वतःच दिवसातून दहा वेळा पेटीत डोकावू लागल्या. दांडा वितीचा झाला, मग हाताचा. त्याला फाटे फुटले. फाट्यांवर राईएवढ्या गाठी आल्या, गाठींचे वाटाणे झाले. संघदीपने सांगितलेली बशी त्या वाटाण्यात कशी मावणार, यावर घरात चर्चा झाली.

नऊ एप्रिलच्या सकाळी मंजुळाबाई पापड बाहेर न्यायला आल्या आणि दारातच थबकल्या. थप्पी त्यांनी हातातच धरून ठेवली. पहिली कळी उमलत होती. एक पाकळी सुटली होती, दुसरी सुटू पाहत होती, आणि हे सगळं इतक्या सावकाश चाललं होतं की हालचाल दिसत नव्हती, फक्त झालेली कळत होती. त्यांनी कोणाला हाक मारली नाही. तासभर त्या उभ्या होत्या. मीही टांगलेला होतो. चौथी पाकळी सुटली तेव्हा खोलीत संत्र्याच्या सालीचा किंचितसा वास आला, आणि मी पाहिलं तर डावा जिथे होता तिथेच होता, उजवाही तिथेच. मित्रांनो, खोलीत एवढं मोठं काहीतरी घडलं आणि माझ्या एका रेघेलाही ते कळलं नाही. आयुष्यभर मी अंशांत बोललो. हे कितीचं होतं, ते मला आजही सांगता येत नाही.

फूल पांढरं नव्हतं. बशीएवढं तर नव्हतंच. जुन्या रुपयापेक्षा थोडं मोठं. पिवळंधमक, त्यावर तपकिरी पट्टे, वाघाच्या पिल्लासारखं. पाकळ्या मेणाच्या.

चौदा एप्रिलला महूची गर्दी पार करून संघदीप आला आणि पेटीपुढे बसला.

"ताई, हे ते नाही. ते पांढरं असतं."

"तू पाहिलं होतंस ना डोळ्यांनी?"

"पाहिलं होतं म्हणजे... साहेबांच्या कॅलेंडरवर पाहिलं होतं."

"पाच वर्षं तुझ्या कॅलेंडराची वाट बघितली आम्ही!" मंजुळाबाईंनी भावाच्या पाठीत धपाटा घातला.

पंचशीला भिंग घेऊन फुलाला नाक लावून बसली होती. एक डोळा भिंगात, एक पुस्तकात. "पांढरी असतात ती बागांमधून वाढवलेली, बाजारातली. हे जंगलातलं आहे. पिवळं, तपकिरी पट्टे, पानाच्या बुडाशी जांभळे ठिपके. आणि मामा, मधला हा ओठ बघा. जहाजाच्या नांगरासारखा आहे की नाही?" सगळ्यांनी आळीपाळीने पाहिलं. पांढरा, इवलासा, नेमका नांगर. "फॅलेनॉप्सिस मॅनिआय. आसामाकडचंच आहे. मामानं नाव चुकवलं नाही, फक्त रंग चुकवला."

बाबूरावांनी एकच विचारलं. "बांडगूळ नाही ना?"

"नाही बाबा. कितीदा सांगू? टेकून राहतं, पण आपल्या जिवावर जगतं."

बाबूरावांनी मान हलवली. मग रजिस्टर आणलं, कार्तिकाची पानं काढली आणि तांबड्या शाईतला 'यंत्र नादुरुस्त' हा शेरा एक्केचाळीस वेळा, एकेक करून, पट्टी लावून खोडला. त्या जागी लिहिलं: 'यंत्र ठीक. खिडकी उघडी.' आणि रजिस्टर मंजुळाबाईंपुढे सरकवलं.

"हे काय?"

"सही कर. तुझ्या शिफ्टची आहे."

"एक्केचाळीस वेळा?"

"एक्केचाळीस रात्री तरी उठलीस ना?"

मंजुळाबाईंना सही करायची सवय नव्हती. पीठ लागलेल्या बोटांनी त्यांनी प्रत्येक ओळीपुढे पूर्ण नाव लिहिलं. वेळ लागला. कोणी घाई केली नाही.

त्यानंतर दर कार्तिकात बाबूराव स्वतःच्या हाताने खिडकी उघडत आले, आणि ऑर्किड दर चैत्रात फुलत आलं. यावरून कोणी असं समजू नये की गारठा सगळ्यांनाच मानवतो. आमच्या मिलमधून जेवढी माणसं बाहेरच्या थंडीत गेली, त्यांतल्या किती जणांना कळी आली, ते कोणी रजिस्टरात लिहिलेलं नाही. ऑर्किडसाठी पहाटे साडेपाचला खिडकी लावणारं कोणीतरी होतं.

मी अजून त्याच खिळ्यावर आहे. माझ्या पाठीवर मिलचा नंबर तसाच आहे. मला परत घ्यायला साहेब आले नाहीत. आले तर बाबूराव देतील, पण पावती घेतल्याशिवाय नाही. हल्ली माझी वाटी कधी कधी कोरडी राहते. मोजा वाळला की माझे दोन्ही पारे सारखेच होतात आणि बाहेर लू चालली असली तरी मी हवा दमट असल्याचं सांगत बसतो. ते मला आवडत नाही. म्हणून मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी म्हातारा टांगलेला असेल, तर आठवड्यातून एकदा त्याची वाटी भरा, मोजा बिनसाबणाचा धुवा. आणि तो तुम्हाला न पटणारं काही सांगू लागला, तर त्याला ट्रंकेत ठेवण्याआधी एकदा खिडकीकडे जाऊन बघा.